फळीवर उभा राहणारा आणि लढाईची नोंदवही

2023 च्या डिसेंबरअखेरीस, हिवाळी सुट्टीत, मी घरी एक चूक केली. रात्री साडेअकरा वाजता, नऊ माणसे ऐकत असताना, मी माझ्या मामेबहिणीला म्हणालो, "ताई, हील कुठे आहे? झोपलीस का?" ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने "मी निघते" एवढेच म्हणाली. पुढचे दोन दिवस ती आमच्याबरोबर खेळायला आली नाही.

ज्या शिक्षकांना आणि पालकांना हे प्रकरण परके वाटेल त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा 2004 पासून चालत आलेला ऑनलाइन खेळ आहे. त्यात आपण एक पात्र घेतो आणि इतरांबरोबर मोहिमेवर जातो. मोठ्या मोहिमेला रेड म्हणतात. आमची रेड दहा जणांची होती. त्यात कामाची वाटणी ठरलेली असते. दोघे टँक, म्हणजे शत्रूसमोर उभे राहून त्याचे फटके स्वतःवर घेणारे. दोन-तीन हीलर, म्हणजे जखमा भरून काढणारे. बाकीचे शत्रूवर मारा करणारे. मी ढालवाला योद्धा, टँक. ताई हीलर. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, रेडचा प्रमुख आणि दुसरा टँक. सत्र चालू असताना आमचे फोनसुद्धा जमा असतात, त्यामुळे हा सगळा उद्योग सुट्टीतलाच, हे घरच्यांनी आणि हाऊसमास्तरांनी कृपया लक्षात घ्यावे.

आम्ही अडकलो होतो आइसक्राउन सिटाडेल या रेडमध्ये. ही रेड मूळची 2009 सालची. खेळाच्या जुन्या रूपात ती 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली. तिच्यातला फेस्टरगट नावाचा एक अगडबंब राक्षस त्या रात्री अकरा वेळा आम्हाला मारून बसला. प्रत्येक वेळी कारण माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट होते: माझ्या जीवनाची पट्टी भरलेली असायची, मग दोन-तीन फटके, आणि मी खाली. भरून काढायचे काम हीलरचे. म्हणजे चूक हीलरची. मला त्या वेळी याहून पुढचा विचार सुचला नाही.

दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला एक फाईल पाठवली आणि खाली लिहिले, "तुझा शेवटचा मृत्यू शोध. मग पंधरा सेकंद मागे जा."

ती फाईल म्हणजे कॉम्बॅट लॉग. खेळ चालू असताना चॅटच्या चौकटीत स्लॅश देऊन कॉम्बॅटलॉग असे लिहिले की खेळ त्या क्षणापासून प्रत्येक घटना एका मजकुराच्या फाईलमध्ये उतरवू लागतो. कोणी कोणाला मारले, कितीचा फटका, त्यातला किती ढालीने अडवला, कोणता मंत्र कधी सुरू झाला, कोणता परिणाम कोणावर चढला आणि कधी उतरला, कोण मेला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. एका रात्रीच्या खेळाच्या ओळी लाखांच्या घरात जातात. सरळ वाचायला गेलात तर डोळे फिरतील. म्हणून बहुतेक जण ती फाईल वॉरक्राफ्ट लॉग्ज या संकेतस्थळावर चढवतात. तिथे तीच नोंद तक्त्यांत आणि आलेखांत मांडलेली दिसते.

आता राक्षसाविषयी दोन शब्द, कारण त्याची रीत समजल्याशिवाय नोंद समजत नाही. लढाई सुरू होते तेव्हा फेस्टरगटची सगळी खोली विषारी वायूने भरलेली असते आणि दहाही जणांना सतत इजा होत असते. सुमारे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तो खोल श्वास घेतो. प्रत्येक श्वासाबरोबर खोलीतला वायू कमी होतो, पण तो त्याच्या पोटात जातो आणि त्याचे फटके जड होत जातात. तिसऱ्या श्वासानंतर खोली जवळजवळ स्वच्छ असते आणि टँकवरचा फटका सर्वांत भारी. मग काही वेळाने तो सगळा वायू एकदम बाहेर सोडतो आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून. हे सगळे पाच मिनिटांत उरकावे लागते. त्यानंतर तो चवताळतो आणि कोणी वाचत नाही.

मी शेवटचा प्रयत्न उघडला. मृत्यूच्या ओळीपासून उलटा वर गेलो. जे दिसले ते असे.

तिसरा श्वास 1 मिनिट 38 सेकंदाला. 1 मिनिट 51 सेकंदाला ताईवर वाइल गॅस नावाचा परिणाम चढला. हा लांब उभ्या असलेल्यांवर येतो; ज्याच्यावर येतो तो सहा सेकंद ओकत राहतो आणि त्या वेळात त्याला काहीही करता येत नाही. 1 मिनिट 52 ला माझ्यावर 15,800 चा फटका. पुढचा 14,900. त्याच्या पुढचा 16,200, आणि खाली माझ्या मृत्यूची ओळ. मृत्यूच्या ओळीनंतर एका सेकंदाने ताईवरचा परिणाम उतरला, आणि तिचा मोठा हील मंत्र सुरू झाला. माझ्या प्रेतावर.

तिने आधी टाकून ठेवलेल्या एका मंद मंत्रातून त्या अवधीत मला 3,100 परत मिळाले होते. दुसरा हीलर वाइल गॅसने घायाळ झालेल्या बाकीच्यांना सावरत होता. तेही त्याचेच काम.

मी वहीत गणित मांडले. फटके सुरू झाले तेव्हा माझ्याकडे 41,000. त्यातून 15,800 आणि 14,900 गेले, 3,100 आले, उरले 13,400. शेवटचा फटका 16,200. म्हणजे मी 2,800 ने मेलो.

मग दादाचा पुढचा निरोप आला: "आता तुझ्या हातात काय होतं ते बघ."

ढालवाल्या योद्ध्याकडे अडचणीच्या वेळेसाठी दोन मोठी साधने असतात. एक शील्ड वॉल: बारा सेकंद सगळी इजा 60 टक्क्यांनी कमी. त्याचा मूळ अवधी पाच मिनिटे, म्हणजे एकदा वापरले की पुन्हा वापरायला तेवढा वेळ थांबायचे. दुसरे लास्ट स्टँड: वीस सेकंदांपुरते आपले कमाल जीवन 30 टक्क्यांनी वाढते. माझे कमाल जीवन 42,000, त्याचे 30 टक्के म्हणजे 12,600.

शील्ड वॉल मी लढाईच्या तिसऱ्या सेकंदाला वापरून टाकले होते. लास्ट स्टँड वापरलेच नव्हते. ते तयार होते. तूट 2,800 ची, आणि हाताशी 12,600 पडून होते.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

शील्ड वॉल तिसऱ्या श्वासानंतर वापरले असते तर तेच तीन फटके, बेरीज 46,900, सुमारे 18,800 वर आले असते. ताईने ते सहा सेकंद ओकण्यात घालवले तरी मी उभा राहिलो असतो.

एका मृत्यूवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी अकराही प्रयत्न तपासले. त्यांतल्या सातमध्ये सर्वांआधी मी मेलो होतो. सातपैकी सहा वेळा मृत्यू तिसऱ्या श्वासानंतर. अकराही वेळा शील्ड वॉल पहिल्या दहा सेकंदांत. लास्ट स्टँड अकरा प्रयत्नांत दोनदा.

असे का करत होतो, याचे उत्तर लॉगमध्ये नव्हते. ते मला स्वतःलाच शोधावे लागले. सुरुवातीला खोलीभर वायू असतो, दहाही जणांच्या पट्ट्या एकदम खाली येतात, सगळे ओरडत असतात. भीती त्या वेळी सर्वांत जास्त वाटते, म्हणून हात आपोआप सर्वांत मोठ्या साधनाकडे जातो. पण टँकवरचे फटके नेमके त्याच वेळी सर्वांत हलके असतात. तिसऱ्या श्वासानंतर खोली शांत होते, इतरांच्या पट्ट्या भरलेल्या असतात, आपण सैल पडतो. आणि धोका तेव्हाच असतो. मला जाणवलेला धोका आणि नोंदीतला धोका यांत दीड मिनिटाचे अंतर होते.

आपल्यातल्या ज्यांनी पॉइंट टू-टू रायफलने फायरिंग केले आहे त्यांना हे लगेच कळेल. पाच गोळ्या झाडल्यावर प्रत्येकाला वाटते की आपण बरोबर मध्यावर मारले. मग उस्ताद टार्गेटचा कागद आणतात. पाचही छिद्रे एकमेकांजवळ पण डाव्या कोपऱ्यात असतील तर ते एक सांगतात. पाच छिद्रे पाच दिशांना असतील तर वेगळे सांगतात. पहिल्या मुलाचा हात स्थिर आहे, फक्त शिस्त किंवा साइट बघायची. दुसऱ्याला श्वास आणि ट्रिगर पहिल्यापासून शिकायचे. रायफल वाईट होती, वारा होता, शेजारचा हलला, हे सगळे कागद आणल्यावर बंद होते. माझे अकरा प्रयत्न म्हणजे डाव्या कोपऱ्यातली अकरा छिद्रे होती. चूक एकच, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. अशी चूक सुधारायला सोपी असते, हे मात्र मला नंतर कळले.

ज्यांना स्वतः हे करून बघायचे आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो. लॉग आपोआप सुरू होतो असे समजू नका. आज्ञा दिली की चॅटमध्ये नोंद सुरू झाल्याचा निरोप दिसतो. तो दिसला नाही तर नोंद होत नाही. मी एकदा अख्खी रात्र अशी घालवली आहे. दर वेळी जुनी फाईल बाजूला काढून ठेवा. संकेतस्थळावर चढवताना ती सर्वांना दिसेल अशी ठेवू नका. तिच्यात तुमच्याबरोबर आणखी नऊ जणांची पात्रांची नावे आणि त्यांच्या चुकाही असतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्या चव्हाट्यावर मांडणे बरे नाही.

उघडल्यावर पहिले पान एकूण बेरजांचे येते: कोणी किती मारले, कोणी किती भरून काढले. नवीन मुले तिथेच अडकतात आणि आपला क्रमांक बघत बसतात. टँकला त्या पानाचा उपयोग फार थोडा. टँकने किती इजा घेतली याचा आकडा मोठा असणे चांगले की वाईट? सांगता येत नाही. जो जास्त वेळ जिवंत राहिला त्याने जास्त फटके घेतले असणारच. मी ते पान सोडून सरळ मृत्यूंच्या यादीवर जातो, पहिला मृत्यू निवडतो आणि मागे सरकतो. दहा-पंधरा सेकंद पुरतात. त्या अवधीत मला कोणी मारले, मला कोणी सावरले किंवा का सावरू शकले नाही, आणि माझ्या हातात काय शिल्लक होते, एवढे तीन प्रश्न. तिसरा प्रश्न सगळ्यांत जड जातो, म्हणून तो मी आता पहिला विचारतो.

मरण्याचे कारण सापडले नाही तर फटक्यांच्या प्रकारांकडे बघा. टँक शत्रूकडे तोंड करून असेल तर काही फटके चुकवतो, काही तलवारीवर घेतो, काही ढालीवर. लॉगमध्ये हे वेगवेगळे लिहिलेले असते. सलग सात-आठ फटके पूर्ण लागले, एकही चुकला नाही की अडला नाही, असे दिसले तर बहुधा आपण पाठ फिरवली होती. राक्षसाला ओढत नेताना मागे वळून पळणारे टँक मी बरेच पाहिले आहेत. पाठीमागून येणारा फटका या खेळात टँकला चुकवताही येत नाही, ढालीवरही घेता येत नाही. पावले मागे टाकत जायचे किंवा तिरके सरकायचे. मी स्वतः दुसऱ्या एका राक्षसासमोर हेच करत होतो, आणि तिथेही आधी दोष हीलरलाच दिला होता. म्हणजे ताईची माफी खरे तर दोनदा मागायला हवी.

आणखी एक गोष्ट छोटी, पण तिने फरक पडला. योद्ध्याचे थंडर क्लॅप शत्रूच्या फटक्यांचा वेग कमी करते आणि डीमोरलायझिंग शाऊट त्यांचा जोर. दोन्ही ठरावीक वेळाने उतरतात, पुन्हा चढवावी लागतात. मला वाटत होते ती माझ्याकडून कायम चढलेली असतात. लॉगने सांगितले, थंडर क्लॅप 54 टक्के वेळ. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ राक्षस पूर्ण वेगाने मारत होता.

लॉगला सगळे कळते असे मात्र नाही. एका प्रयत्नात माझ्यावर गॅस्ट्रिक ब्लोट या परिणामाचे दहा थर चढले. दहावा थर चढला की टँकचा स्फोट होतो. म्हणून नऊ थरांवर दुसऱ्या टँकने टॉन्ट करून राक्षस स्वतःकडे ओढायचा असतो. लॉगमध्ये दादाचा टॉन्ट स्फोटानंतर दिसतो. नोंद एवढीच वाचली तर चूक दादाची. पण "घे" असे ओरडायचे काम माझे होते, आणि मी ते उशिरा ओरडलो. बोललेले शब्द त्या फाईलमध्ये उतरत नाहीत. फाईल हातात आली म्हणून कोर्ट भरवू नये, हे मी त्या ओळीवरून शिकलो. आधी विचारावे.

लॅगचे म्हणाल तर तीही सबब मी करून पाहिली. आम्ही खेळत होतो तो सर्व्हर भारताबाहेरचा, त्यामुळे कळ दाबल्यापासून परिणाम होईपर्यंत क्षणभर जातोच. पण तिसरा श्वास आणि माझा मृत्यू यांच्यात सतरा-अठरा सेकंद होते. एवढा लॅग कोणत्याही नेटला नसतो.

तिसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. खरे तर लॉगचा दुवा पाठवून मोकळा होणार होतो, पण दादा म्हणाला, दुवा पाठवणे म्हणजे माफी नव्हे. मी सांगितले की तू ओकत होतीस, मला दिसले नाही, आणि माझ्याकडे लास्ट स्टँड होते. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी त्या रात्रीच बघितलं." मी विचारले, मग सांगितले का नाहीस. ती म्हणाली, "दहा जणांत तू मला बोललास. दहा जणांत मी तुला बोलले असते तर रेड मोडली असती."

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून कागदावर वेळा लिहिल्या. पाच मिनिटांत तिसऱ्या श्वासाची वेळ साधारण दोनदा येते. पहिल्या वेळेला राक्षस ज्याच्याकडे असेल त्याने शील्ड वॉल किंवा त्याच्याकडचे तसेच साधन, दुसऱ्या वेळेला दुसऱ्याने. लास्ट स्टँड राखून ठेवायचे, आणि ते कधी वापरायचे हे ताई ठरवणार. तिच्यावर वाइल गॅस आला की ती फक्त "गॅस" म्हणेल. मंत्र टाकता आला नाही तरी बोलता येतेच. तो शब्द ऐकला की मी काहीही न बघता लास्ट स्टँड दाबायचे. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात मी कोणत्याही मोठ्या साधनाला हात लावायचा नाही, पट्ट्या कितीही खाली दिसल्या तरी. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. पहिल्या दोन प्रयत्नांत बोट सवयीने त्या कळेवर गेलेच. तिसऱ्या वेळी मी ती कळच जागेवरून काढून लांब ठेवली.

एका रात्री एकच बदल करायचा, असेही ठरवले. त्या रात्री फक्त साधनांच्या वेळा. थंडर क्लॅप दुसऱ्या दिवशी. सगळे एकदम सुधारायला गेलो असतो तर कशाने फरक पडला हे लॉगलाही सांगता आले नसते.

चौथ्या प्रयत्नात 1 मिनिट 49 सेकंदाला ताईचा आवाज आला, "गॅस". मी कळ दाबली. पट्टी घसरत घसरत पार तळाशी आली आणि तिथे थांबली, मग वर चढू लागली. फेस्टरगट 4 मिनिटे 31 सेकंदांना पडला. नंतर नोंद उघडून पाहिली, तेव्हा त्या क्षणी माझ्याकडे 3,900 उरले होते.

पुढच्या दालनातल्या प्रोफेसर प्युट्रिसाइडने आम्हाला पहिल्या मिनिटातच झोपवले. सगळे एकदम बोलू लागले, कोणाचे चुकले, कोण कुठे उभा होता. त्या गोंधळात ताईचा आवाज आला, "लॉग चालू होता ना?"

चालू नव्हता.